तळाचे दहा स्क्रू

२०१९ च्या दसऱ्याला लॅपटॉप घ्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या मुलाने तो माझ्यासमोर निदान सहा वेळा तरी दुमडून दाखवला असेल. आधी नेहमीसारखा, मग पडदा मागे ढकलून तंबूसारखा उभा, मग अजून मागे, आणि शेवटी पूर्ण दुमडून पाटीसारखा थेट माझ्या हातात. "मॅडम, थ्री सिक्स्टी!" असं म्हणून तो जरा मागे सरकून उभा राहिला, गारुडी पोतडीतून नाग काढल्यावर उभा राहतो ना तसा. मी हरखले. इतकी हरखले की घरून लिहून आणलेली प्रश्नांची चिठ्ठी पर्समध्येच राहिली. नवऱ्याने आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "चार जीबी रॅम पुरेल का हो?" त्यावर तो मुलगा म्हणाला, "सर, नंतर वाढवता येते ना."

नंतर वाढवता येते. रॅम म्हणजे चालू कामं मांडून ठेवायची मेमरी. हे वाक्य पुढची चार वर्षं माझ्या डोक्यात होतं, कारण ते खरं होतं पण कुठून वाढवायची, कोणी वाढवायची, आत जागा आहे का, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मी पण विचारलं नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे सहा वेळा दुमडलेलं ते यंत्र आम्ही एकदाही पालथं करून त्याचा तळ बघितला नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत सगळ्यांचं कमीजास्त असंच असतं.

मी डोंबिवलीत घरीच नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवायचा, सतरंजी टाकायची, बारा पोरं, एक पांढरा फळा. लॅपटॉप हवा होता तो प्रश्नपत्रिका काढायला, आणि दुमडता येणाराच का तर ज्याने कधी वर्डमध्ये वर्गसमीकरण टाइप केलंय त्याला हे विचारायची गरज पडणार नाही. एक अपूर्णांक, त्याच्यावर वर्गमूळ, त्याच्या आत अजून एक अपूर्णांक. हाताने लिहायला चार सेकंद, टाइप करायला चार मिनिटं आणि वर चिडचिड फुकट. पडद्यावरच पेनाने लिहिता आलं तर? एवढाच हिशोब होता. बजेट चाळीस हजार, मिळाला साडेएकोणचाळीसला, वर एक पाठीवरची बॅग मोफत जी अजून भाजी आणायला वापरतो.

ही दुमडायची टूम तशी नवी नाही. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॅब्लेट पीसीसाठी विंडोज एक्सपीची वेगळी आवृत्ती काढली होती, तेव्हाच्या काही लॅपटॉपचा पडदा मधल्या एका खुंटीवर मान वळवल्यासारखा गोल फिरायचा. ते महागडे, आपल्यासारख्यांनी फोटोतच बघायचे. मग लेनोवोने जानेवारी २०१२ मध्ये योगा दाखवला, दोन बिजागऱ्या आणि पडदा पूर्ण ३६० अंश मागे, आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला विंडोज ८ आलं ज्यात सगळं बोटाने करायचं म्हणून चक्क स्टार्टचं बटणच काढून टाकलेलं. लोकांनी इतके हाल केले त्या विंडोजचे की विचारू नका, पण बिजागरी मात्र राहिली. एचपी, डेल, एसर, असूस सगळ्यांनी उचलली आणि हळूहळू ती स्वस्त मशिनांतही उतरली.

आता चाळीस हजारात कंपनीला टचची काच द्यायचीय, दुप्पट ताकदीच्या बिजागऱ्या द्यायच्यात, लॅपटॉप कसा धरलाय ते ओळखणारे सेन्सर द्यायचेत, मग पैसे वाचवायचे कुठे? जे दुकानात दिसत नाही तिथे. माझ्या मशिनमध्ये आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर होता, तो ठीकच, पण रॅम चार जीबी आणि डिस्क एक टीबीची, जुन्या पद्धतीची गोल फिरणारी, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. मला तेव्हा एक टीबी म्हणजे केवढं मोठं असं वाटलं होतं. वाड्याचं अंगण मोठं होतं खरं, दिंडी दरवाजा मात्र वाकून जायचा.

पहिले पाच-सहा महिने तंबू, पाटी वगैरे सगळे प्रकार हौसेने करून झाले. पाटी हा प्रकार तर फारच फसवा. साधा टॅब अर्ध्या किलोचा असतो, हा दीड किलोच्या वर, एका हातात धरून दुसऱ्याने लिहायला गेलं की दहाव्या मिनिटाला मनगट बोलायला लागतं. शिवाय उलट्या बाजूला कीबोर्ड. तो बंद पडलेला असतो, तरी बोटांखाली बटणं दबत राहतात आणि उगाच अपराधी वाटतं. तंबूचा उपयोग खरा झाला तो आमच्या सासूबाईंना. ओट्यावर उभा केला की कीबोर्डला कणीक लागायची भीती नाही, पडद्यावर कीर्तन लावायचं, आवाज कमी करायचा तर पदराने बोट पुसून काचेला लावायचं. त्यांना माउस कधीच जमला नाही, हे पहिल्या दिवशी जमलं.

मग मार्च २०२० आला.

पोरं घरी, मी घरी, आणि दहावीची नवी बॅच तोंडावर. सगळ्यांनी झूम घेतलं तसं मीही घेतलं, फुकटातलं, चाळीस मिनिटांत तुटणारं, म्हणजे प्रमेयाची सिद्धता अर्ध्यावर असताना सगळे बाहेर आणि परत सगळे आत. आता तरी पडद्यावर लिहायचंच होतं. बोटाने लिहून बघितलं, अक्षर असं आलं की पोरांनी विचारलं मॅडम हा पाच आहे का एस. घरात एक रबराच्या टोकाचं स्टायलस पडलेलं होतं, ते म्हणजे बोटाचंच सोंग, टोक जाड आणि हात काचेला टेकला की हाताच्याच रेघा उमटायच्या. तेव्हा मला कळलं की बोटाला समजणारी काच वेगळी आणि पेनाला समजणारी वेगळी. पेन ओळखायला काचेखाली वेगळी सोय लागते, ती सगळ्या स्वस्त मशिनांत नसते, माझ्यात होती हे माझं नशीब, कारण मी विचारून घेतलेली नव्हती.

पण पेनांच्याही जाती निघाल्या. मायक्रोसॉफ्टची भाषा बोलणारे वेगळे, वॅकॉम नावाच्या कंपनीची बोलणारे वेगळे, आणि एकाचं दुसऱ्याला समजत नाही. मी आपली ऑनलाइन एक चांगली तारांकित पेन बघितली. मागवता मात्र येईना, त्या दिवसांत ऑनलाइनवाल्यांना फक्त जीवनावश्यक वस्तू पोचवायची परवानगी होती, आणि पेन हे जीवनावश्यक आहे हे फक्त मला पटलेलं. बंदी उठल्यावर मागवली. आली, काचेला लावली, काही नाही. दाबून लावली, काही नाही. भाच्याला व्हिडिओ कॉल केला तर तो म्हणतो, "मावशी, ही वॅकॉमवाली आहे, तुझी काच दुसरी भाषा बोलते." परत पाठवली, दुसरी मागवली, ती चालली, आणि पहिल्यांदा काचेवर बारीक रेघ उमटली तेव्हा खरंच सांगते अंगावर काटा आला. हात खुशाल टेकवून लिहायचं. काचेवर एक पट्टी पण येते, दोन बोटांनी फिरवली की अंश दाखवते, त्या पट्टीने स्पर्शिका काढून दाखवली तर पोरांनी चॅटमध्ये टाळ्या पाठवल्या.

तीन-चार महिन्यांनी पेनातला सेल संपला. हा सेल म्हणजे चार ए. घड्याळात, रिमोटमध्ये दोन ए नाहीतर तीन ए, हे सगळ्यांना माहीत, चार ए म्हणजे त्याहून बारीक, उदबत्तीच्या घराण्यातला वाटावा असा. स्टेशनजवळच्या दुकानात गेले.

"चार ए सेल आहे?"

"चार पाहिजेत का?"

"नाही हो, एकच पाहिजे. चार ए."

"एकच ना, मग हा घ्या." आणि त्याने तीन ए पुढे केला.

"हा तीन ए आहे."

"ताई, एकाने काय फरक पडतो."

गणिताच्या शिक्षिकेला हे असं तोंडावर. पाच दुकानं फिरले, शेवटी ऑनलाइनच मागवला, दोनशेहून जास्त पडले दोन सेलांना. भाच्याने नंतर सांगितलं की ९ व्होल्टची ती चौकोनी बॅटरी असते ना, काही कंपन्यांच्या बॅटरीत असेच सहा बारीक सेल एकाला एक जोडलेले असतात, दीड सक नऊ. नवरा पक्कड घेऊन निघालाच होता, मी ती हातातून काढून घेतली. त्याच्या हातात पक्कड ही घरच्या इतिहासात कधीच शुभ ठरलेली नाही.

तर पेनाचं असं मार्गी लागलं आणि मशीन दमायला लागलं. झूम, व्हाइटबोर्ड, एखादी पीडीएफ, बाजूला व्हॉट्सअ‍ॅप, एवढ्यावर त्याला धाप लागायची. मी रेघ ओढायचे आणि ती दोन सेकंदांनी उमटायची, तोवर मी पुढची ओढलेली असायची, मग दोन्ही एकदम. पोरं म्हणायची मॅडम तुमचा आवाज पुढे आणि अक्षर मागे चाललंय. टास्क मॅनेजर, म्हणजे आत कोण किती राबतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला की डिस्कसमोर १०० टक्के, लालेलाल. सकाळी चालू करून मी चहा टाकायचे, चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा तरी ते गोल गोल फिरतंच आहे.

मला आधी वाटलं व्हायरस. मग वाटलं इंटरनेट. मग एका रात्री कागद घेऊन बसले, कारण शेवटी मला तेवढंच येतं. मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९०. म्हणजे एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद. माहितीचा हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, साडेपाच मिलिसेकंद, आणि सुई योग्य वर्तुळावर सरकायला वर आणखी वेळ, मिळून पंधराएक मिलिसेकंद धरा. म्हणजे वेगवेगळ्या जागी सांडलेले तुकडे सेकंदाला साठ-सत्तरच उचलता येणार, डोक्यावरून पाणी. आणि विंडोज चालू होताना असे हजारो तुकडे मागतं. त्यात रॅम चार जीबी, ती भरली की विंडोज उरलेलं सामान याच डिस्कवर नेऊन ठेवतं आणि परत परत मागतं. म्हणजे ज्या गड्याला आधीच धाप लागलीय त्याच्याच डोक्यावर अजून पोतं. प्रोसेसर बिचारा हात बांधून उभा. दुकानात सगळे त्याच्याबद्दलच विचारतात, आय-थ्री का आय-फाइव्ह, आणि चोर निघाला भलतीकडेच.

एसएसडीत, म्हणजे नव्या पद्धतीच्या, चिपांवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे सुई यायची वाट बघणं हा प्रकारच नाही, तेच तुकडे सेकंदाला हजारोंनी मिळतात. गणित एवढं स्वच्छ दिसल्यावर खरं म्हणजे दुसऱ्या दिवशी जायला हवं होतं. पण तसं आपण कधी करतो का. चालतंय ना, चालू दे. शिकवण्या परत हॉलमध्ये सुरू झाल्या, फळा आला, लॅपटॉप तंबू होऊन ओट्यावर गेला तो २०२३ पर्यंत.

मेमध्ये भाचा सुट्टीला आला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता तेव्हा. त्याने एकदा चालू करून बघितला, दोन मिनिटं थांबला, आणि म्हणाला, "मावशी, हे तू कसं सहन करतेस?" मग टास्क मॅनेजरमध्येच त्याने मेमरीवर क्लिक केलं आणि तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं की रॅम बसवायच्या दोन खाचांपैकी, म्हणजे स्लॉटांपैकी, एकच वापरात आहे. चार वर्षं ती ओळ तिथेच होती. मी रोज त्याच खिडकीत त्या लाल डिस्ककडे बघून उसासे टाकत होते.

लॅमिंग्टन रोडला मी कॉलेजात असताना कॅल्क्युलेटर घ्यायला गेले होते, त्यानंतर थेट आता. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण तसं विचारलंत तर तिथला माणूसही क्षणभर विचार करेल. डोंबिवलीहून फास्टने दादर, तिथून पूल चढून वेस्टर्नची स्लो. स्लोच, फास्टमध्ये बसलात तर ग्रँट रोड खिडकीतून बघायचं आणि चर्चगेटला उतरायचं. रस्त्यावर वायरी, स्पीकर, सीसीटीव्हीचे कॅमेरे, आणि दुकानं अशी की एका गाळ्यात तिघं उभे राहिले तर चौथ्याने श्वास रोखायचा.

काउंटरवरच्या काकांनी डोकं वर न करता विचारलं, "साटा के एनव्हीएमई?" म्हणजे एसएसडी मशीनशी बोलते त्या दोन पद्धती. भाच्याने उत्तर दिलं, पण मला बघायचं होतं म्हणून काकांनी दोन्ही समोर ठेवल्या. च्युइंगमच्या पट्टीएवढ्या दोन पट्ट्या, दोन्ही २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, दोन्ही एम डॉट टू, आणि बघायला जुळ्या बहिणी. फरक फक्त सोनेरी दातांत, एकीच्या दोन ठिकाणी खाच, दुसरीच्या एकाच. "दो कट मतलब अक्सर साटा, एक कट मतलब एनव्हीएमई, बहोत लोग गलत ले जाते है," काका म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. रॅमचंही तसंच, डीडीआर-फोरला २६० पिना, आधीच्या थ्रीला २०४, आणि मधली खाच वेगळ्या जागी, म्हणजे चुकीची घुसवायची म्हटली तरी घुसत नाही. हे मला फार आवडलं. भूमितीने चूकच होऊ द्यायची नाही.

पाचशे जीबीची एसएसडी आणि आठ जीबीची रॅम, पक्क्या बिलाने जीएसटी धरून साडेचार हजारांच्या आतबाहेर. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा भाव पडलेले होते. येताना दादरला वडापाव, तो हिशोबात धरत नाही.

आता उघडायचा. त्या रात्री मी पहिल्यांदा माझ्या लॅपटॉपचा तळ नीट बघितला. सहा स्क्रू दिसत होते. भाच्याने रबराच्या दोन लांब पट्ट्या, ज्यांवर लॅपटॉप टेकतो त्या, नखाने हळूच उचकटल्या तर त्यांच्याखाली अजून चार. लपवलेले. स्क्रू लपवायचे कशाला, हे मला अजून समजलेलं नाही, म्हणजे कारण समजतं, दिसायला चांगलं दिसतं, पण चार स्क्रू न काढता कोणी जोर लावला तर झाकणच फुटेल ना.

स्क्रू सगळे सारखे नसतात, मागचे लांब, पुढचे आखूड, आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर वरच्या बाजूला कीबोर्डच्या शेजारी टेंगूळ येतं. भाचा ते कशात तरी ठेवायला वाटी मागत होता. मी माझा आलेख कागद आणला, मधे अक्ष काढले, लॅपटॉपची चौकट आखली आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या निर्देशकांवर सेलोटेपने चिकटवला. डावीकडचा मागचा म्हणजे वजा सात, पाच. भाचा हसत होता पण परत लावताना एकही चुकला नाही. तो कागद मी वर्गात दाखवते अजून, निर्देशक भूमिती शिकवताना.

मग जुनं एटीएम कार्ड कडेच्या फटीत घालून हळूहळू फिरवायचं. टक, टक, टक असा आवाज येतो, प्रत्येक टकला वाटतं तुटलं. तुटत नाही, प्लॅस्टिकच्या कड्या सुटत असतात. झाकण निघालं आणि आत बघितलं तर पंख्याच्या पात्यांवर राखाडी गोधडी. चार वर्षांची धूळ आणि ओट्यावरच्या फोडणीचा थर. आणि बाकी जागा चक्क मोकळी! बॅटरी, हाताच्या तळव्याएवढी हिरवी पाटी, डिस्क. बस. साडेएकोणचाळीस हजार म्हणजे एवढंसं सामान.

बॅटरीचा जोड आधी काढला, ते पहिलं, बाकी सगळं नंतर. मग भाचा म्हणाला रॅम तू लाव. पट्टी तिरकी धरायची, तीसेक अंशाचा कोन, सोनेरी दात दिसेनासे होईपर्यंत आत सरकवायची आणि मग वरून हळूच दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी एकदम टक करून ती धरली. मी काय सांगू तुम्हाला, चाळिशी उलटलेल्या बाईला त्या आवाजाने जो आनंद झाला तो दसऱ्याच्या दिवशीच्या थ्री सिक्स्टीने झाला नव्हता.

एसएसडी खाचेत बसली आणि मग लक्षात आलं की तिचं मोकळं टोक खाली धरून ठेवणारा स्क्रूच नाही. खोक्यात नाही, मशीनमध्ये नाही. तांदळाच्या कणीएवढा स्क्रू. रात्रीचे साडेनऊ. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीवाला बसतो, तो शटर खाली ओढतच होता. त्याने बशीभर स्क्रूंमधून चिमट्याने एक उचलला, डोळ्यापुढे धरला, "हा घ्या ताई." पैसे विचारले तर म्हणाला, "याचे काय घेणार." एवढ्या जगाच्या व्यवहारात तेवढा एक स्क्रू अजून फुकट मिळतो.

विंडोज नव्याने टाकलं, पेनड्राइव्हवरून. लायसन्स मदरबोर्डला, म्हणजे त्या हिरव्या पाटीला, बांधलेलं असतं म्हणे, काही विचारलं नाही त्याने. आणि सकाळी चालू केला तर मी गॅस पेटवायच्या आत पडदा समोर. सासूबाई म्हणाल्या, "नवा आणलात का?" आठ आणि चार मिळून बारा जीबी झाली होती, जुनी पट्टी काढलीच नाही. विजोड जोडी म्हणून लोक नाकं मुरडतात पण यातली चार आणि चार जोडीने चालतात, उरलेली चार एकटी, आमच्या घरासारखंच. जुनी डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली, तिच्यात आता प्रश्नपत्रिका आणि लग्नाचे फोटो. अजूनही लावली की घूं करते.

सगळं गोड झालं असंही नाही. पुढच्या वर्षी उजवी बिजागरी करकरायला लागली, मग एक दिवस पडदा उघडताना कोपऱ्यातून झाकणच फाकलं. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं. बिजागरी लोखंडाची, ठणठणीत, घट्ट. ती ज्यात पिळलेली असते त्या पितळी नळ्या, त्या मात्र प्लॅस्टिकच्या बुंध्यांत बसवलेल्या. लोखंड घट्ट आणि प्लॅस्टिक ठिसूळ, दर वेळी उघडताना थोडा थोडा ओढा बसणार तो त्या बुंध्यालाच. म्हणजे ज्या गोष्टीसाठी म्हणून मी हे मशीन घेतलं, दुकानात जी सहा वेळा करून दाखवली, तीच त्याला आतून सोलत होती. "कोपरा धरून उघडता ना?" त्याने विचारलं. धरतो. सगळेच धरतात. "मधे धरून उघडायचा." त्याने नळ्या परत जागेवर बसवल्या, भोवती अ‍ॅराल्डाइट भरलं, एक दिवस तसाच उघडा ठेवला आणि सातशे रुपये घेतले. तेव्हापासून तंबू होतो पण पाटी करत नाही आम्ही. नवऱ्याने लक्षात राहावं म्हणून पडद्याच्या वरच्या कडेला बरोबर मधे एक लाल टिकली लावलीय, सासूबाईंच्या पाकिटातली. इथे धरा.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा अजून एक लॉटरी लागल्याचं कळलं. इंटेलच्या बाबतीत ११ साठी साधारण आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात, आणि माझा नेमका आठवीतला. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचा सातवीतला, माझ्यापेक्षा महाग, चांगला धडधाकट, तो बाहेर. उंबरठ्यावर पास झाल्यासारखं वाटलं. आणि रॅमचं म्हणाल तर २०२५ संपता संपता भाव असे काही चढलेत, एआयच्या डेटा सेंटरांना सगळी मेमरी हवीय म्हणून, की मी ती आठ जीबीची पट्टी घेतली तो माझ्या आयुष्यातला एकमेव फायद्याचा सौदा असावा. सोनं नेहमी चढल्यावर घेतलंय.

परवा एका विद्यार्थिनीची आई म्हणाली, मॅडम तुमच्यासारखाच घ्यायचाय, चला ना बरोबर. गेलो. दुकान तेच नाही, पण मुलगा त्याच वयाचा. त्याने लगेच एक देखणा निळसर लॅपटॉप घेतला, तंबू केला, पाटी केली, "थ्री सिक्स्टी!" आईचे डोळे मोठे झाले. मी म्हटलं, बंद करून इकडे दे जरा. त्याने दिला. मी तो काउंटरवर पालथा घातला आणि चष्मा कपाळावर चढवून रबराच्या पट्टीवरून नख फिरवायला लागले.

"मॅडम, त्या साइडला काही नसतं," तो म्हणाला.

"रॅम आत सोल्डर केलेली आहे का स्लॉट आहे?"

"नंतर वाढवता येते ना, मॅडम."

"कुठून?"

तो आतल्या सरांना बोलवायला गेला. तोवर आई माझ्या शेजारी वाकून, त्या निळ्या तळावरचे स्क्रू बोटाने मोजत होती.